उलटा तास

छत्रपती संभाजीनगर,
६ जानेवारी २०२५

प्रिय महजबीन,

पाकीट बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपला हॉस्टेलपासूनचा नियम आहे, ख्यालीखुशाली फोनवर आणि भांडण पत्रात. अंबडला बी.ए. करताना एकाच खोलीत राहूनही आपण एकमेकींच्या उशीखाली चिठ्ठ्या ठेवून भांडलो, कारण समोरासमोर तू मला बोलू देत नव्हतीस. तेव्हा हे भांडणाचं पत्र समज. सुरुवात तू करशीलच.

विद्यापीठानं यंदापासून एक नवा पुरस्कार काढलाय, ‘पदवी अध्यापन गौरव’. कला शाखेत बी.ए.च्या मुलांना उत्तम शिकवणाऱ्या प्राध्यापकासाठी. आजवर आमच्याकडे शाल पडायची ती शोधनिबंधांवर. वर्गात कोण काय दिवे लावतं हे कोणी विचारत नव्हतं. मी निवड समितीत आहे आणि तुझं नाव मी सुचवलंय, तुला न विचारता. तू माझी मैत्रीण आहेस हे लिहून दिलंय, त्यामुळे मी गुण देणार नाही, नुसती बैठकीला बसेन.

आता खरी गोष्ट ऐक. मानपत्र आणि शाल तर आहेच, पण त्याबरोबर दोन वर्षं आमच्या इतिहास विभागात नेमणूक आहे. बी.ए.चे तास बंद. एम.ए.चे थोडे तास, बाकी वेळ तुझा आणि ग्रंथालयाचा. राजूरच्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे किती वर्षं घसा कोरडा करणार आहेस? पुरे झालं आता.

समिती न कळवता वर्ग बघायला येईल. मी त्यात नसेन. सोबतचा अर्ज भर, फाडू नकोस. अम्मींना सलाम.

तुझी,
अर्पिता


हसनाबाद,
१२ जानेवारी

अर्पिता,

‘प्रिय’ मुद्दाम गाळलंय.

अम्मीच्या हातची बिर्याणी सगळ्या गल्लीला आवडते, म्हणून उद्यापासून तिनं चूल पेटवायची नाही, असा हा तुमचा गौरव आहे. पहिल्या वर्षाला चांगलं शिकवते म्हणून पहिल्या वर्षापासून माझी सुटका. हा नियम ज्या कोणा शहाण्यानं लिहिलाय, त्याला आयुष्यात वर्ग म्हणजे शिक्षा वाटत आली असणार. मला नाही वाटत. मला हीच मुलं हवी आहेत. बारावी होऊन येतात, घरात कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस तेच असतं, आणि नाव विचारलं तरी जमिनीकडे बघून सांगतात. एम.ए.पर्यंत पोचलेल्याला माझी काय गरज?

अर्ज मी वाचला. किती दृक्‌श्राव्य साधनं वापरली, किती छायाचित्रं जोडली. मूल बोलायला लागलं का, हे कुठंच विचारलेलं नाही. मी तो टेबलावर तसाच ठेवला होता, तर आमचे प्राचार्य तातेराव सर घेऊन गेले आणि त्यांनीच भरला. कॉलेजचं नाव पेपरात येईल म्हणून ते हवेत आहेत. छायाचित्रं कुठली लावली विचारलं तर म्हणाले, “वृक्षारोपणाची लावलीत, त्यात तुम्ही मागं उभ्या हायत.”

येऊ दे तुझी समिती. मी माझा वर्ग जसा घेते तसाच घेणार. शनिवारचा उलटा तासही बंद ठेवणार नाही. त्या तासाला आठवडाभर मी जे शिकवलं ते एक मूल फळ्याशी उभं राहून शिकवतं आणि मी शेवटच्या बाकावर बसते. कोणालाही बोलायचं असेल तर हात वर करायचा, मलासुद्धा. फळ्याशी असलेल्याला उत्तर आलं नाही तर त्यानं ‘सोमवारी सांगतो’ म्हणायचं आणि दोन दिवसांत शोधून आणायचं. नियम इतकाच.

द्वारकामावशींना नमस्कार. त्यांच्या लेकीची अक्कल शहरात गेल्यावर कमी झालीय, एवढं त्यांना सांग.

महजबीन


छत्रपती संभाजीनगर,
२२ जानेवारी

महजबीन,

शनिवारी तू होतीस कुठे?

समितीचे तीन सदस्य अठरा तारखेला तुझ्या कॉलेजात आले होते. अहवाल माझ्यासमोर आहे. ‘अध्यापिका वर्गावर आढळल्या नाहीत. एक विद्यार्थिनी फळ्याजवळ उभी होती. मागील बाकावर एक महिला बसल्या होत्या, बहुधा पालक. वर्गाला शिस्त नव्हती.’ इतक्या वर्षांत तू एक तास बुडवला नाहीस आणि नेमका तोच?

मला वाटलं अम्मींचं काहीतरी झालं असणार. मी बैठकीत तसं सांगूनही टाकलं, घरी आजारपण होतं म्हणून. त्यावर अध्यक्ष नरमले. चार ओळींचा खुलासा पाठव, म्हणजे तो अहवाल बाजूला ठेवतील. शेवटच्या फेरीत तिघं आहेत आणि त्यात तुझं नाव अजून आहे. सहा फेब्रुवारीला, गुरुवारी, इथं सभागृहात समितीपुढे वीस मिनिटांचा नमुना तास घ्यायचाय. मुलं सोबत आणली तरी चालतील.

अम्मी कशा आहेत ते आधी कळव.

अर्पिता


हसनाबाद,
२६ जानेवारी

अर्पिता,

ती पालक मी होते.

शनिवारी शिकवायची पाळी आकांक्षाची होती. जुलैत ही पोरगी हजेरी द्यायलाही मैत्रिणीला उठवायची. ती फळ्याशी उभी राहून निजामाच्या काळातला व्यापार शिकवत होती, आणि बुद्धभूषणनं हात वर करून विचारलं की आपल्या गावचा बाजार ठरलेल्या वारीच का भरतो, तो वार कोणी ठरवला. मला उत्तर माहीत होतं. जीभ चावून बसले. एवढ्यात दारात तिघंजण उभे राहिले. त्यांतले टायवाले माझ्याकडे बघून विचारतात, “मॅडम कुठं गेल्या?” मी नियमाप्रमाणे हात वर केला. आकांक्षानं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सर, तास चालू हाय. बसा.” ते बसले नाहीत. वर्ग हसला, तेवढी ती बेशिस्त. पाच मिनिटं दारात उभे राहून निघून गेले, आणि मागं कोण बसलंय हे कोणाला विचारलंही नाही. मीही उठून गेले नाही. आकांक्षा पहिल्यांदा न अडखळता बोलत होती, ती सोडून मी पाहुण्यांच्या मागे धावू?

सोमवारी तिनं उत्तर आणलं. आजोबांना विचारलं, बांगड्या विकणाऱ्या कासारणीला विचारलं, कापडवाल्याला विचारलं. जवळजवळच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी, कारण दुकान मांडणारी माणसं तीच असतात, आज या गावात, उद्या त्या गावात. हे तिनं नकाशा काढून दाखवलं. तो नकाशा मी पुसू दिला नाही अजून.

खुलासा देणार नाही. आणि अम्मीला तू आजारी पाडलंस? तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत बसली होती. म्हणाली, “हमकू कुछ नहीं हुआ, बोल उसको.” जे खोटं सांगितलंस ते तूच जाऊन निस्तर.

आता वाईट बातमी. अहवाल तातेराव सरांच्या कानावर गेला. उलटा तास एक फेब्रुवारीपासून बंद म्हणून त्यांनी लेखी दिलं. मी भांडले. शेवटी म्हणाले, “पुरस्कार घेऊन या, मंग तास उलटा करा न्हाईतर आडवा करा, मी बोलणार न्हाई. तवर बंद.” म्हणजे तुझ्या गौरवानं माझा शनिवार गहाण पडलाय. तो सोडवायला मी सहा तारखेला येते. नेमणुकीचं मात्र विसर. मानपत्र आणीन आणि तातेराव सरांच्या टेबलावर ठेवीन.

महजबीन


छत्रपती संभाजीनगर,
३० जानेवारी

प्रिय महजबीन,

अध्यक्षांना खरं सांगून आले. आजारपण नव्हतं आणि ती पालक म्हणजे महजबीनच होती, एवढंच बोलले. ते हसले, टायवाले हसले नाहीत.

तू ज्या शहाण्याला शिव्या दिल्यास, ती मी आहे. नेमणुकीचा नियम माझा. मीच लिहिला आणि मीच मंजूर करून घेतला, आणि लिहिताना डोळ्यासमोर तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. इथं माझ्या नावाची पाटी आहे, खोली आहे, पण वाचलेल्या एखाद्या गोष्टीवर तोंड सोडून भांडावं असं एक माणूस नाही. मला तू इथं हवी आहेस. हे फोनवर म्हणवलं नसतं.

हात जोडते, सहा तारखेला तू स्वतः बोल. वीस मिनिटं. तू बोललीस तर शेवटच्या फेरीत तुझ्यासमोर कोणी टिकणार नाही. नेमणूक नको तर नको, निदान तुझा शनिवार तरी वाचेल.

अर्पिता


छत्रपती संभाजीनगर,
७ फेब्रुवारी

महजबीन,

रात्रभर राग आवरलाय, आता लिहिते.

तू पोरांना जीपमध्ये घालून आणलंस तेव्हा मला बरं वाटलं. मग तू सरळ चालत जाऊन शेवटच्या रांगेत बसलीस. आकांक्षा फळ्याशी गेली, तर अध्यक्षांना वाटलं फळा पुसायला गेली. ती म्हणाली, “आमच्या मॅडमचा शनिवारचा तास असा असतो. आज गुरुवार हाय, पण समजून घ्या.” आणि बाजाराचा वार शिकवायला लागली. चांगलं शिकवलं, मी नाही म्हणत नाही. टायवाल्यांनी दोनदा मध्येच उत्तर सांगून टाकलं. तिसऱ्यांदा ती थांबली आणि म्हणाली, “सर, हात वर करा. मी बोलावते.”

मग अध्यक्षांनी खरंच हात वर केला. त्या म्हाताऱ्याबद्दल मला आदर वाटला. त्यांनी विचारलं, “सगळं तुम्हीच करता, मग तुमच्या मॅडम करतात काय?”

आकांक्षानं तुझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मनात म्हणत होते, आता तरी उठ, दोन वाक्यं बोल, तुझा शनिवार तुझ्या जिभेवर आहे. तू ढिम्म बसून राहिलीस. आणि ती पोरगी म्हणाली, “मला आत्ता नीट सांगता येत न्हाई सर. सोमवारी सांगते.”

समितीला सोमवार नसतो, महजबीन. गुण त्याच दिवशी दिले जातात. पंधरा वर्षांपूर्वी तू मला बोलू देत नव्हतीस आणि काल बोलायचं तेव्हा गप्प बसलीस. का?

अर्पिता


हसनाबाद,
११ फेब्रुवारी

प्रिय अर्पिता,

प्रश्न मला विचारला नव्हता. तिला विचारला होता.

मी उठून दोन वाक्यं बोलले असते, तर सहा महिने मी त्यांना जे सांगत आले ते सगळं त्या दोन वाक्यांत खोटं पडलं असतं. की एरवी तुम्ही बोला, पण महत्त्वाची माणसं समोर बसली की मी बोलते. आकांक्षानं माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं नव्हतं, हेही तुला सांगते. मी नियम मोडते की काय, ते बघत होती. तिचा चेहरा मला समोरून दिसत होता, तुला बाजूनं.

आणि भीती मलाही वाटली. हात मांडीखाली दाबून बसले होते.

काल सोमवार होता. वर्गात पाऊण तास वाद चालला की अध्यक्षांना काय कळवायचं. बुद्धभूषण म्हणाला, “काहीच करत न्हाईत, हेच लिही. खरं हाय ते.” बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. शेवटी आकांक्षानं एकटीनं लिहिलं. सोबत जोडलंय. मी त्यात एक अक्षर बदललं नाही. तुझ्या समितीला सोमवार नसला तरी हे द्यायचं काम तुझं.

महजबीन

(सोबत)

अध्यक्ष सरांना नमस्कार. तुम्ही विचारलं होतं की मॅडम काय करतात. मॅडमना उत्तर माहीत असतं, तरी त्या सोमवारपर्यंत थांबतात. त्या दिवशी तुमच्यातल्या एका सरांना दोन मिनिटंसुद्धा थांबता आलं नाही. म्हणजे ते अवघड काम आहे. मॅडम ते दर शनिवारी करतात.
आकांक्षा, बी.ए. प्रथम वर्ष


छत्रपती संभाजीनगर,
२० फेब्रुवारी

प्रिय महजबीन,

पुरस्कार तुला मिळाला नाही. ज्यांना मिळाला ते गृहस्थ वाईट नाहीत, आणि बी.ए.चे तास सुटणार म्हणून त्यांनी सभागृहातच हात जोडून आभार मानले. ते ऐकताना मला माझ्या नियमाची लाज वाटली.

आकांक्षाचं उत्तर मी बैठकीत वाचून दाखवलं. टायवाल्यांनी हे नियमात बसत नाही म्हटलं. अध्यक्षांनी कागद मागून घेतला, पुन्हा वाचला आणि फाइलमध्ये न लावता खिशात ठेवला. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही. निकाल बदलला नाही एवढं खरं.

मग मी माझं म्हणणं इतिवृत्तात नोंदवायला लावलं. जो सन्मान शिकवणं थांबवायला लावतो त्याला अध्यापनाचा गौरव म्हणू नये, ती नेमणूक काढून टाका, आणि नियम माझा असल्यानं तो खोडायची मागणीही माझीच. टायवाले म्हणाले, मॅडम, हे तुम्हाला आधी सुचायला हवं होतं. मी म्हटलं, मला सोमवारी सुचलं. पुढच्या वर्षी समितीत माझं नाव नसेल. बघून घेऊ.

पण तुझा शनिवार माझ्यामुळे गेला. त्याचं काय करू ते सांग.

अर्पिता


हसनाबाद,
९ मार्च

प्रिय अर्पिता,

माझा शनिवार कुठंही गेला नाही. जरा फिरून आला.

निकाल लागल्यावर तातेराव सरांनी तो तास वेळापत्रकातूनही काढला आणि शनिवारी खोलीला कुलूप घातलं. मी पोरांना सांगितलं की तास आता कायमचा बंद झालाय, घरी जा. बुद्धभूषण म्हणाला, “घरी कसं जावं मॅडम, हसनाबादची गाडी यायला तास हाय.” मग आम्ही सगळे राजूरच्या बसस्टँडवर जाऊन बसलो, नेहमीसारखे. मी मागच्या बाकड्यावर. बुद्धभूषणनं खिशातून खडू काढला आणि फरशीवर लिहायला सुरुवात केली. मी काही सांगितलं नव्हतं. बसस्टँडवर बसायला प्राचार्यांची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या शनिवारी राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला आलेली माणसंही भोवती बसली. शेंगा विकणाऱ्या कांताबाईनं हात वर करून विचारलं, “बाजाराचा वार बदलायचा असंल तर कोणाला विचारावं लागतंय?” बुद्धभूषण म्हणाला, सोमवारी सांगतो. ती म्हणाली, “सोमवारी मी दुसऱ्या गावाला असते. शनिवारीच सांग.” त्यानं पुढच्या शनिवारी ग्रामपंचायतीत विचारून येऊन सांगितलं.

काल तातेराव सर मोटारसायकलवरून आले. रोजा होता, ऊन चढलं होतं, माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. सर बराच वेळ लांब उभे राहिले. गाडी आली तरी पोरं उठेनात, तेव्हा माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, लोक विचारून राह्यलेत, कॉलेजला खोल्या न्हाईत का म्हणून. पुढच्या शनिवारपासून वर्गात बसा.” मी विचारलं, लेखी देता का? ते म्हणाले, “बंद लेखी केल्तं, चालू तोंडी.” मी लेखी घेतलं. आज सकाळी शिपाई घरी आणून देऊन गेला.

मला शाल नको होती, अर्पिता. कुलूप उघडायला हवं होतं. ते उघडलंय, आणि तुमच्या गौरवाशिवाय उघडलंय, हे तुझ्या टायवाल्यांना कळव.

तुझ्यासाठी मात्र एक गोष्ट मनात आहे. तू मला तिकडे ओढत होतीस, कारण तिथं भांडायला कोणी नाही. भांडणारी माणसं आयती मिळत नाहीत. ती पहिल्या वर्षापासून तयार करावी लागतात. तुमच्या विद्यापीठात यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग निघालाय, असं फोनवर म्हणालीस ना, जो कोणालाच नकोय?

तुझी,
महजबीन


छत्रपती संभाजीनगर,
२३ मार्च

प्रिय महजबीन,

तो वर्ग मी मागून घेतला. विभागात सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू हिला कुठल्या चौकशीत शिक्षा झालीय. एकानं तर काळजीनं विचारलंही. मी म्हटलं, मला बक्षीस मिळालंय.

आठवडाभर मी शिकवलं. काल शनिवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. जालन्याहून आलेला अबुबकर नावाचा मुलगा फळ्याशी गेला. पहिली काही मिनिटं तो फळ्याकडे तोंड करून नुसता उभा होता. घड्याळाकडे बघायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होते. त्याच्या पाठीला घाम आलेला मला दिसत होता आणि जे वाक्य त्याला सापडत नव्हतं ते माझ्या तोंडात तयार होतं. तू हे वर्षानुवर्षं कसं करतेस ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं. त्या पत्रात मी तुला ढिम्म म्हटलं, तो शब्द मागे घेते.

मग तो बोलायला लागला. अडखळत, पण लागला. मधे त्यानं एक सन चुकवला. मला राहवलं नाही, मी हात वर केला. वर्गातली सगळी पोरं मागं वळून माझ्याकडे बघायला लागली. अबुबकरनं पण पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती अगदी स्पष्ट होती, आणि तरी तो म्हणाला, “मॅडम, थोडं थांबा. माझं झालं न्हाई अजून.”

मी हात खाली घेतला.

तुझी,
अर्पिता